नऊ सामने, नऊ विजय आणि एकही आमंत्रण नाही: सॅन फ्रान्सिस्को डॉन्सच्या १९५१ च्या हंगामाबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

अमेरिकन कॉलेज फुटबॉलच्या गप्पा निघाल्या की १९५१ च्या सॅन फ्रान्सिस्को विद्यापीठाच्या टीमचं नाव कुणीतरी काढतंच. सगळे सामने जिंकूनही हंगामानंतरच्या मानाच्या ‘बाउल’ सामन्यांना या टीमला बोलावलं गेलं नाही, आणि आपल्या दोन कृष्णवर्णीय खेळाडूंना घरी ठेवून यायला तिने नकार दिला. समाजमाध्यमांवर ही गोष्ट दर थोड्या दिवसांनी नव्याने फिरते आणि प्रत्येक फेरीत तिला थोडं जास्त तिखटमीठ लागलेलं असतं. लोक पुन्हा पुन्हा विचारतात ते प्रश्न आणि त्यांची उत्तरं इथे एकत्र दिली आहेत.

हा आपला फुटबॉल की त्यांचा?

त्यांचा. अंडाकृती चेंडू, डोक्यावर हेल्मेट, प्रत्येक बाजूला ११ खेळाडू आणि १०० यार्डांचं मैदान. चार प्रयत्नांत किमान १० यार्ड पुढे सरकायचं. जमलं तर पुन्हा चार प्रयत्न, नाही जमलं तर चेंडू समोरच्यांकडे. चेंडू घेऊन शेवटच्या रेषेपलीकडे पोहोचलं की टचडाउन, त्याचे ६ गुण. पुढचं वाचायला एवढं पुरे.

ही टीम कोणाची होती?

सॅन फ्रान्सिस्को विद्यापीठाची. १८५५ साली जेझुइट पाद्र्यांनी सुरू केलेली ही संस्था शहरातल्या एका टेकडीवर आहे. तिच्या संघांना ‘डॉन्स’ म्हणतात. विद्यापीठ लहान, पैसा बेताचा आणि डोक्यावर कुठल्याही मोठ्या लीगचं छत्र नाही. प्रतिस्पर्धी स्वतःच शोधायचे, तारखा स्वतःच जुळवायच्या. घरचे सामने गोल्डन गेट पार्कच्या कोपऱ्यातल्या केझर स्टेडियममध्ये व्हायचे. सुमारे ६० हजारांची ती जागा या टीमला एरवी भरता येत नसे.

प्रशिक्षक होते जो कुहॅरिक. शिस्तीचे कडक, सरावात घाम काढणारे. प्रसिद्धीचं काम त्याच विद्यापीठातून नुकताच पदवीधर झालेला पीट रोझेल नावाचा पोरगेला तरुण बघायचा. हे नाव लक्षात ठेवा, पुढे दोनदा येणार आहे.

त्या हंगामात नेमकं झालं काय?

नऊ सामने खेळले, नऊही जिंकले. सॅन होजे स्टेटला ३९–२ असं लोळवलं. त्याच टीमशी त्या हंगामात पुन्हा एकदा गाठ पडली, तेव्हाही डॉन्सच जिंकले. आयडाहोला हरवलं. मरीन आणि नौदलाच्या तळांवरच्या संघांनाही हरवलं. लष्करी तळांचे संघ कॉलेजच्या वेळापत्रकात बघून आज नवल वाटतं, पण त्या काळी ती रीत होती. कोरियात युद्ध चालू होतं आणि भरतीत कित्येक उत्तम खेळाडू गणवेशात गेले होते.

दमवणारा सामना एकच झाला, न्यूयॉर्कमध्ये फोर्डहॅमविरुद्ध. ३२–२६. पूर्वेकडचे पत्रकार पश्चिम किनाऱ्यावरच्या छोट्या विद्यापीठाकडे ढुंकूनही बघत नसत, म्हणून रोझेलने या सामन्याचा प्रसिद्धीसाठी होईल तेवढा उपयोग करून घेतला. रॅन्डॉल्स आयलंडवरच्या त्या मैदानात ऑली मॅट्सनने त्या पत्रकारांसमोर दोनदा तोच चमत्कार केला. फोर्डहॅमने किक मारून चेंडू पाठवला, मॅट्सनने तो स्वतःच्या रेषेजवळ झेलला आणि ११ जणांना चुकवत थेट पलीकडे नेला. एकदा ९४ यार्ड, एकदा ९०. एका सामन्यात असा एक टचडाउन झाला तरी लोक वर्षभर बोलतात. मॅट्सनच्या या दोन धावा वजा करा, सामना डॉन्सच्या हातून गेलेला दिसेल.

शेवटचे तीन सामने शेजाऱ्यांशी. सँटा क्लारा २६–७. मग स्टॉकटनला कॉलेज ऑफ द पॅसिफिक. ही टीम बलाढ्य मानली जायची आणि बाउलवाल्यांचंही लक्ष या सामन्यावर होतं. निकाल ४७–१४. शेवटी पासाडेनाच्या रोझ बाउल स्टेडियममध्ये लोयोलाविरुद्ध २०–२. रोझ बाउलची स्पर्धा नव्हे बरं का, फक्त स्टेडियम.

३९–२ आणि २०–२ यातले २ गुण कुठून आले? छपाईची चूक आहे का?

नाही. चेंडू हातात असलेला खेळाडू स्वतःच्याच शेवटच्या रेषेमागे पकडला गेला, तर समोरच्या संघाला २ गुण मिळतात. याला ‘सेफ्टी’ म्हणतात. म्हणजे या दोन सामन्यांत समोरच्यांना डॉन्सची रेषा एकदाही ओलांडता आली नाही. बचावाची फळी काय दर्जाची होती ते या दोन आकड्यांवरून कळतं.

मॅट्सन खरंच एवढा मोठा होता?

होता. त्या हंगामात त्याने चेंडू घेऊन १,५६६ यार्ड काढले, देशात सर्वाधिक. २१ टचडाउन. वर बचावातही तोच उभा. तरीही हाइझमन करंडकाच्या, म्हणजे वर्षातल्या सर्वोत्तम कॉलेज खेळाडूच्या, मतदानात तो नववा आला. करंडक प्रिन्स्टनच्या डिक कॅझमायरला मिळाला. कॅझमायर उत्तम खेळाडू होता यात वाद नाही. पण नववा? मतदारांपैकी बहुतेकांनी मॅट्सनला कधी खेळताना पाहिलेलंच नसणार, आणि ज्यांनी पाहिलं त्यातल्या काहींना बघायचं नव्हतं असंच म्हणावं लागतं.

‘बाउल’ म्हणजे काय? तिथे न बोलावणं एवढं जिव्हारी का लागलं?

हंगाम संपल्यावर १ जानेवारीच्या सुमारास निवडक संघांना बोलावून हे सामने भरवतात. आज चाळीसच्या घरात आहेत, तेव्हा मोजके होते आणि मान मोठा होता: रोझ, शुगर, ऑरेंज, कॉटन, गेटर, सन. कुणाला बोलवायचं ते आयोजक समित्या ठरवायच्या. रोझ बाउलच्या जागा करारानेच दोन मोठ्या लीगना बांधलेल्या, त्यामुळे तिकडची आशा नव्हतीच. उरलेल्यांपैकी महत्त्वाचे सगळे दक्षिणेत, फ्लोरिडा, लुइझियाना आणि टेक्सासमध्ये.

मान बाजूला ठेवला तरी पैशाचा प्रश्न होताच. बाउलच्या गल्ल्यातला वाटा मिळाला असता तर तोट्यात चाललेल्या टीमचं वर्ष निभावून गेलं असतं.

मग बोलावलं का नाही?

सांगितलं गेलेलं कारण असं की यांचे प्रतिस्पर्धी हलके होते. हे कारण अगदीच खोटं नव्हतं. एकाच संघाशी दोनदा खेळले, दोन संघ लष्करी तळांचे. हंगामाच्या अखेरच्या असोसिएटेड प्रेस या वृत्तसंस्थेच्या क्रमवारीत डॉन्स १४ वे होते, पहिल्या पाचांत नव्हते.

पण जरा शेजारी बघू. ज्या पॅसिफिकला डॉन्सनी ४७–१४ धुतलं, त्यांनाच सन बाउलचं आमंत्रण गेलं. तिथे ते टेक्सास टेककडून २५–१४ हरले. गेटर बाउलला मायामी आणि क्लेम्सन खेळले. मायामी तीन सामने हरून आले होते, क्लेम्सन दोन. प्रतिस्पर्धी हलके म्हणून नऊपैकी नऊ जिंकणारे बाहेर, आणि दहापैकी तीन हरलेले आत. हिशेब जुळत नाही.

जुळत नाही कारण डॉन्समध्ये दोन कृष्णवर्णीय खेळाडू होते: ऑली मॅट्सन आणि बर्ल टोलर. तेव्हाच्या दक्षिणेत शाळा, बस, हॉटेल, पाण्याचे नळ सगळं वर्णानुसार वेगळं होतं. गोऱ्या आणि काळ्या खेळाडूंनी एका मैदानात एकमेकांना भिडणं तिथल्या बऱ्याच आयोजकांना, आणि त्यांच्या गिऱ्हाइकांना, चालत नव्हतं. शाळांमधल्या वर्णभेदाविरुद्ध सर्वोच्च न्यायालयाचा निकाल यायलाही १९५४ उजाडायचं होतं.

‘त्या दोघांना घरी ठेवून या’ असं खरंच कुणी सांगितलं?

सगळ्यात जास्त विचारला जाणारा आणि सगळ्यात जास्त मसाला लागलेला प्रश्न हाच.

फिरणाऱ्या आवृत्त्यांमध्ये एक सीलबंद पत्र येतं, कुहॅरिक ते कपडे बदलायच्या खोलीत मोठ्याने वाचतात, खेळाडू एकेक करून उभे राहतात, वगैरे. सिनेमाला शोभेल असं. गोऱ्या आणि काळ्या खेळाडूंनी पुढची अनेक वर्षं मुलाखतींतून सांगितलं ते याहून साधं आहे. बाउलवाल्यांकडून निरोप आला, बहुतेकांच्या आठवणीत तो ऑरेंज बाउलचा आहे, की मॅट्सन आणि टोलर नसतील तर बघता येईल. प्रशिक्षकांनी तो संघाच्या कानावर घातला. संघ नाही म्हणाला. मतदान नाही, चर्चा नाही. असे निरोप फोनवर आणि मध्यस्थांमार्फत चालायचे, कागदावर कुणी आणत नसे. लेखी पुरावा मागणाऱ्यांनी हेही लक्षात घ्यावं की भेदभाव करणारा सहसा पावती देत नाही.

माझं मत विचाराल तर या साध्या आवृत्तीतच गोष्टीचा खरा कस आहे. विशी-बाविशीतली मुलं. त्यातली काही युद्धावरून परतलेली. बहुतेकांच्या आयुष्यात बाउलची ही एकच संधी. घासाघीस करायला, ‘त्या दोघांचं मत विचारू’ म्हणायला, मनधरणी करायला पुरेपूर वाव होता. त्यांनी तो घेतलाच नाही. यात पत्र आणि भाषण घुसडणारा माणूस टीमचा मान वाढवत नाही, उलट एका सरळ नकाराला समारंभ करून टाकतो.

त्या वर्षी इतरत्र काय चाललं होतं?

त्याच वर्षी, २० ऑक्टोबर १९५१ रोजी, ओक्लाहोमातल्या स्टिलवॉटरमध्ये ड्रेक विद्यापीठाच्या जॉनी ब्राइट या कृष्णवर्णीय खेळाडूचा जबडा सामन्यात फोडला गेला. चेंडू त्याच्या हातातही नव्हता. ठोसा मारणारा ओक्लाहोमा ए अँड एमचा विल्बँक्स स्मिथ. ‘दे मोइन रजिस्टर’ या वृत्तपत्राच्या छायाचित्रकारांनी तो क्षण एकापाठोपाठ एक अशा चित्रांत टिपला आणि त्या चित्रांना १९५२ चं पुलित्झर पारितोषिक मिळालं. स्मिथवर कारवाई झाली नाही. ड्रेकने निषेध म्हणून आपली लीगच सोडली.

म्हणजे मॅट्सन आणि टोलर ज्या मोसमात खेळत होते, त्यात मैदानावरची जोखीम कल्पनेतली नव्हती.

असा नकार देणारी ही पहिलीच टीम होती?

नाही, आणि हे सांगायचं बहुतेक जण विसरतात. १९४८ साली पेनसिल्व्हेनियातल्या लाफाएत कॉलेजला सन बाउलचं बोलावणं आलं, मात्र डेव्हिड शोवेल या कृष्णवर्णीय खेळाडूला सोडून. शोवेल महायुद्धात सेवा बजावून आलेला. कॉलेजने आमंत्रण नाकारलं आणि विद्यार्थी रस्त्यावर उतरले. त्यांच्या जागी वेस्ट व्हर्जिनिया गेले. त्याआधी १९४६ मध्ये पेन स्टेटनेही आपल्या कृष्णवर्णीय खेळाडूंना वगळण्यापेक्षा मायामीविरुद्धचा सामनाच रद्द केला होता. फरक एवढाच की पेन स्टेटला १९४८ च्या कॉटन बाउलमध्ये त्याच खेळाडूंसह उतरायला मिळालं. डॉन्सना दुसरी संधी मिळाली नाही.

सॅन फ्रान्सिस्को तरी या बाबतीत स्वच्छ होतं का?

दक्षिणेपेक्षा बरं, इतकंच. मॅट्सन आणि टोलर दोघेही आधी शहराच्या सिटी कॉलेजमधून खेळले होते, तिथेही त्यांची टीम अजिंक्य होती. शहराला ते आपले वाटायचे. पण याच शहरात १९५७ साली बेसबॉलचा सम्राट विली मेज घर घ्यायला गेला, तेव्हा शेजाऱ्यांच्या विरोधामुळे त्याला आधी नकार मिळाला. सगळं पाप दक्षिणेच्या माथी मारून मोकळं होता येत नाही.

नकार दिल्यामुळे विद्यापीठाने फुटबॉल बंद केला, हे खरं का?

अर्धं खरं. हंगाम संपल्यावर थोड्याच दिवसांत विद्यापीठाने फुटबॉल बंद केल्याचं जाहीर केलं, हे खरं. कारण पैसा. बाउलचा वाटा आला असता तर टीम आणखी एखादं वर्ष तगली असती, असं मानायला जागा आहे.

त्यापुढे कितपत टिकली असती याची मात्र मला शंका आहे. आजूबाजूला बघितलं तर त्या काळात कॅथलिक विद्यापीठांच्या टीमा पटापट मिटत होत्या. सेंट मेरीज आणि जॉर्जटाउन यांनी १९५० च्या हंगामानंतर खेळ थांबवला. लोयोलानेही डॉन्सबरोबरच गाशा गुंडाळला. सँटा क्लारा पुढच्या वर्षी, फोर्डहॅम १९५४ नंतर. शिष्यवृत्त्या, प्रवास, साहित्य यांचा खर्च वाढत होता. त्याच सुमारास घराघरांत टीव्ही आला आणि व्यावसायिक फुटबॉल शहरातच पाहायला मिळू लागला. केझरमध्येच ४९अर्स ही व्यावसायिक टीम खेळत असताना लहान कॉलेजच्या सामन्याचं तिकीट काढणार कोण? पुढे सॅन फ्रान्सिस्को विद्यापीठाने लहान प्रमाणात फुटबॉल पुन्हा सुरू केला, तोही फार चालला नाही.

बास्केटबॉलमध्ये मात्र याच विद्यापीठाने १९५५ आणि १९५६ अशी सलग दोन राष्ट्रीय विजेतेपदं पटकावली. त्या संघाचे आधारस्तंभ बिल रसेल आणि के. सी. जोन्स, दोघेही कृष्णवर्णीय.

खेळाडूंचं पुढे काय झालं?

एका टीममधले नऊ जण एनएफएल या व्यावसायिक फुटबॉलच्या लीगमध्ये गेले आणि तिघे थेट हॉल ऑफ फेममध्ये, म्हणजे दिग्गजांच्या मानाच्या यादीत. तेवढ्या आकाराच्या विद्यापीठासाठी हे अविश्वसनीय आहे.

जिनो मार्केटी महायुद्धात युरोपात लढून मग कॉलेजात आला होता. बाल्टिमोर कोल्ट्सकडून खेळताना बचाव फळीच्या टोकाला तो दशकभर भीती पसरवत राहिला. एनएफएलच्या १९५८ च्या अंतिम सामन्यात, ज्याला आजही सर्वोत्तम सामना म्हणतात, मोक्याच्या क्षणी त्याने प्रतिस्पर्ध्याला रोखलं आणि त्यातच त्याचं हाड मोडलं. त्याला स्ट्रेचरवरून नेत होते, पण निकाल बघायचा म्हणून त्याने स्ट्रेचर मैदानाच्या कडेलाच ठेवायला लावलं.

बॉब सेंट क्लेअर सहा फूट नऊ इंच उंच आणि कच्चं मांस खाण्यासाठी प्रसिद्ध. शाळा, कॉलेज आणि ४९अर्स, तिन्हीकडून त्याचं घरचं मैदान केझरच. फुटबॉल बंद झाल्यामुळे कॉलेजचं शेवटचं वर्ष मात्र त्याला टल्सामध्ये काढावं लागलं. क्वार्टरबॅक, म्हणजे चढाईची सूत्रं हलवणारा, एड ब्राउन शिकागो बेअर्सकडे गेला. प्रशिक्षक कुहॅरिक १९५२ मध्ये शिकागो कार्डिनल्सकडे गेले आणि मॅट्सनलाही त्याच क्लबने निवडलं.

१९५९ मध्ये लॉस एंजेलिस रॅम्सने मॅट्सनला घेतलं. त्याच्या बदल्यात कार्डिनल्सला किती खेळाडू दिले? नऊ. एका माणसासाठी नऊ. हा व्यवहार करणारा रॅम्सचा जनरल मॅनेजर म्हणजे तोच प्रसिद्धीवाला, पीट रोझेल. पुढच्याच वर्षी तो एनएफएलचा आयुक्त झाला आणि १९८९ पर्यंत त्या खुर्चीत बसला. सुपर बाउल, म्हणजे व्यावसायिक फुटबॉलचा अंतिम सामना, त्याच्याच कारकिर्दीत सुरू झाला.

आणि बर्ल टोलर? त्याचं नाव कमी का ऐकू येतं?

कारण तो व्यावसायिक सामना एकही खेळला नाही. मेम्फिसहून आलेला हा लाइनबॅकर, म्हणजे बचावातला खेळाडू, टीममधला सगळ्यात चांगला खेळाडू होता असं सांगणारे त्याच्याच टीममध्ये होते. १९५२ च्या उन्हाळ्यात शिकागोला कॉलेजच्या निवडक खेळाडूंचा रॅम्सविरुद्ध सामना झाला, त्यात त्याचा गुडघा गेला. कारकीर्द सुरू व्हायच्या आत संपली.

टोलर शिक्षक झाला. पुढे सॅन फ्रान्सिस्कोतल्या माध्यमिक शाळेचा पहिला कृष्णवर्णीय मुख्याध्यापक. १९६५ मध्ये एनएफएलने त्याला पंच म्हणून घेतलं; लीगच्या इतिहासातला तो पहिला कृष्णवर्णीय पंच. आठवडाभर शाळा, रविवारी मैदान. जानेवारी १९८० मध्ये त्याने सुपर बाउलमध्ये पंचगिरी केली, तीही पासाडेनाच्या रोझ बाउल स्टेडियममध्ये, जिथे डॉन्स आपला शेवटचा सामना खेळले होते. योगायोग असा की त्या दिवशीही मैदानावर रॅम्सच होते.

मला विचाराल तर या टीमवर कुणी लिहायला घेतलं, तर सुरुवात मॅट्सनपासून करू नये, टोलरपासून करावी.

आपल्याकडच्या वाचकाला यातलं काही ओळखीचं सापडेल का?

एक धागा आहे. १९५२ च्या हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये मॅट्सन अमेरिकेकडून धावला. ४०० मीटरमध्ये कांस्य आणि ४ x ४०० मीटर रिलेमध्ये रौप्य. याच ऑलिंपिकमध्ये कराडजवळच्या गोळेश्वरच्या खाशाबा जाधवांनी कुस्तीत भारतासाठी कांस्य मिळवलं होतं.

कुणी नंतर चूक मान्य केली का?

उशिरा आणि थोडीथोडी. विद्यापीठाने हयात असलेल्या खेळाडूंना मानद पदव्या दिल्या. अमेरिकी सिनेटमध्ये कॅलिफोर्नियाच्या सिनेटर बार्बरा बॉक्सर यांनी या टीमच्या गौरवाचा ठराव मांडला. तोवर बरेच जण गेले होते. त्यानंतर टोलर २००९ मध्ये वारला, मॅट्सन २०११ मध्ये, सेंट क्लेअर २०१५ मध्ये, मार्केटी २०१९ मध्ये.

बे एरियात, म्हणजे सॅन फ्रान्सिस्कोच्या परिसरात, राहतो. बघण्यासारखं काही शिल्लक आहे का?

आहे. गोल्डन गेट पार्कच्या आग्नेय कोपऱ्यात, हेट-ॲशबरी या वस्तीला लागून केझर आहे. जुनं अवाढव्य स्टेडियम १९८९ मध्ये पाडलं. आता त्याच जागी छोटं मैदान आणि धावपट्टी आहे. मैदानाला बॉब सेंट क्लेअरचं नाव दिलंय. तिथून विद्यापीठाची टेकडी फार लांब नाही, पायी जाता येतं. चढ मात्र आहे. टोलर जिथे मुख्याध्यापक होता त्या शाळेच्या आवारालाही आता त्याचंच नाव आहे.